ग्रामसभेआधीचे सात दिवस

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागते तेव्हा गावातली बहुतेक माणसं ती वाचत नाहीत. तारीख ठाऊक असते, जागा ठाऊक असते आणि विषयही तेच ते असतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, शासकीय परिपत्रकांचं वाचन, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. नियमाप्रमाणे साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागावी लागते. हे सात दिवस लोकांना तयारी करता यावी म्हणून दिलेले आहेत, पण तसे ते फार थोड्या गावांत वापरले जातात. आमचं स्पष्ट मत असं की ग्रामसभा चांगली होणार की वाईट, हे सभेच्या दिवशी ठरतच नाही. ते या सात दिवसांत ठरतं, आणि सभेनंतरच्या महिन्याभरात पक्कं होतं. म्हणून ज्या गावात या दोन्ही काळांत काम करणारी आठ-दहा माणसं आहेत, त्या गावातली लोकशाही जिवंत आहे, मग सरपंच कुणी का असेना.

आधी कायद्याचं थोडं. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पण महाराष्ट्रात रोजच्या कामाला उपयोगी पडतो तो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. वर्षात किमान चार सभा व्हायलाच हव्यात. पुरेसं कारण नसताना सरपंचाने सभा घेतली नाही तर त्याचं पद जाऊ शकतं, आणि ते जिल्हाधिकारी ठरवतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. हिशेब करून पाहावा: ५०० मतदारांच्या गावात ७५ माणसं लागतात, आणि २,४०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३६० होत असले तरी १०० पुरतात. मोठ्या गावाला ही सवलतच आहे. तरीही सभा तहकूब होतात, कारण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. खरा खेळ इथे होतो. पहिल्या दिवशी चाळीस माणसं येतात, सभा तहकूब होते. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी ठेवली जाते, तिला पंधरा माणसं येतात आणि साऱ्या वर्षाचे ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतात. यात बेकायदा काहीच नसतं. म्हणून वर म्हटलेल्या आठ-दहा माणसांच्या गटाचं पहिलं काम भाषणाचं नाही. पहिल्याच सभेला गणपूर्ती होईल एवढी माणसं आणणं, हे ते काम. वॉर्डनिहाय मतदार यादी घेऊन कोणत्या आळीतून किती जण येतील याची वाटणी करावी, आणि शंभर हवे असतील तर दीडशे जणांना निरोप द्यावा.

असा गट कसा असावा, याचा मोठा वस्तुपाठ गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने दिला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्रभर गेली, पण घोषणेमागची पद्धत तेवढी पोचली नाही. गावातले देवाजी तोफा, बाहेरून साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. निर्णय घ्यायचा तो ग्रामसभेने, आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यास करायचा तो अभ्यास गटाने. अभ्यास गटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, बोलू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, पण निर्णयात त्याला जागा नाही. जंगलाचं, बांबूचं, वनहक्क कायद्याचं सगळं शिक्षण या गटांत झालं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, त्यामागे अनेक वर्षांचा हा अभ्यास होता.

सर्वसहमतीची पद्धत सगळीकडे चालेल असं मात्र म्हणवत नाही. मेंढ्यात माणसं पाचशेच्या आसपास. विरोध करणारा कोण आहे, का करतो आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि त्याच्यासाठी थांबता येतं. पाच-सहा हजार वस्तीच्या, चार वाड्या आणि दोन गट असलेल्या गावात सर्वसहमतीचा आग्रह धरला तर एक आडमुठा माणूस साऱ्यांचं पाणी अडवतो. अशा गावाने मेंढ्याकडून अभ्यास गट घ्यावा आणि निर्णय वाडीसभेतून वर आणावा. प्रत्येक वाडीतून दोन माणसं, त्यांतली एक बाई. एक जण हिशेब वाचणारा, एक जण सुवाच्य आणि नेमकं लिहिणारा. एवढ्यावर गट उभा राहतो. एक नियम मात्र पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर बोलून घ्यावा: ज्याला पंचायतीची निवडणूक लढवायची आहे त्याने तसं सांगून गटातून बाजूला व्हावं. निवडणूक लढवण्यात वाईट काहीच नाही. पण गटातला एक जण पॅनेलमध्ये दिसला की बाकीच्या नऊ जणांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न विरोधकांचा प्रश्न ठरतो, आणि प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी संपते.

तारखांचंही नीट पाहावं लागतं. बऱ्याच गावांत सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर याच दिवशी होतात. झेंडावंदनाला माणसं जमलेली असतात, हा त्यामागचा विचार. पण २ ऑक्टोबरला विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची काढणी चालू असते, मजूर मिळत नाही आणि आभाळ भरलेलं असतं. त्या दिवशी सकाळी अकराला शेतकरी येणार नाही, आणि मजूर बाई तर नाहीच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीनंतर निम्मं गाव कोयते घेऊन बाहेर पडतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततं. तिथली २६ जानेवारीची सभा म्हाताऱ्यांची आणि गावात मागे राहिलेल्यांची असते, आणि पुढच्या वर्षाचा आराखडा नेमका त्याच सुमाराला कायम होतो. कोकणात याचं वेगळंच रूप. गावाच्या पायवाटेचा, स्मशानशेडचा, नळयोजनेचा निर्णय पुष्कळदा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत आधी होतो, आणि चाकरमानी गावात असतात ते गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात. गोव्यात साधी ग्रामसभा रविवारी भरते. तिथल्या सभा तापतात, तासन्‌तास चालतात, आणि त्यामागे लोकांची सजगता आहेच, पण रविवारचाही वाटा आहे असं आम्हांला वाटतं.

तारीख बदलता येत नसेल तर वेळ बदलून घ्यावी. झेंडावंदन सकाळी, सभा संध्याकाळी, दिव्यांची सोय करून. ऊसतोडीच्या गावांनी माणसं बाहेर पडण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, वाडीसभा घेऊन त्यांच्या मागण्या सह्यांनिशी लिहून ठेवाव्यात आणि जानेवारीच्या सभेत त्या त्यांच्या नावाने वाचाव्यात. गैरहजर माणसाला मत देता येत नाही, हे खरं. पण त्याच्या आळीत नळ हवा हे त्याने ऑक्टोबरात लिहून दिलं आहे, हे इतिवृत्तात आलं की पुढे कुणाला ‘तशी मागणीच नव्हती’ म्हणता येत नाही.

मुख्य सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सर्वांना माहीत आहे: अंगणवाडीताई किंवा बचत गटाच्या अध्यक्षा रजिस्टर घेऊन घरोघर फिरतात, सह्या-अंगठे गोळा होतात आणि सभा कागदावर होते. यात त्या ताईंचा दोष थोडा. त्यांना सांगणारा वेगळा असतो. खरी महिलासभा व्हावी असं वाटत असेल तर ती पंचायतीच्या सभागृहात न ठेवता वस्तीत ठेवावी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आणि पुरुषांनी तिथून खरोखरच निघून जावं, दारात उभं राहून ऐकत बसू नये. बायका पहिला अर्धा तास बोलत नाहीत. मग एकीने पाण्याच्या वेळेचा विषय काढला की सगळं बाहेर येतं: नळ पहाटे येतो, शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, रेशनच्या दुकानात पावती मिळत नाही. हे त्याच ठिकाणी, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि मुख्य सभेत पुरुषाने नव्हे, त्यांच्यातल्याच एकीने वाचावं.

दारूबंदीच्या मतदानात बायकांच्या संघटनेची परीक्षा सर्वांत कठोर होते. परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद) अशी दोन चिन्हं. आडवी जिंकायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. म्हणजे यादीत १,००० बायका असतील तर ५०१ मतं हवीत. ६०० जणी आल्या आणि ४८० जणींनी आडवीवर शिक्का मारला तरी दुकान उभंच राहतं. जी घरी बसली, जी माहेरी गेली, जी लग्न होऊन परगावी गेली तरी यादीत राहिली आणि जी वारली, त्या सगळ्यांची मतं हिशेबात दुकानाच्याच बाजूला जातात. कितीतरी गावं इथे हरली. म्हणून निवेदनाआधी मतदार यादी दुरुस्त करून घ्यावी: मृत आणि स्थलांतरित नावं वगळण्याचे अर्ज द्यावेत, आणि परगावी काम करणाऱ्या बायकांना मतदानाच्या दिवशी आणायची व्यवस्था आधीच लावावी. बेकायदा गुत्त्यांना ही पद्धत लागू नाही, त्यासाठी पोलिसांकडेच जावं लागतं. हा फरक सुरुवातीलाच सांगितला नाही तर दुकान बंद झाल्यावर गुत्ता वाढलेला पाहून बायकांचा धीर खचतो.

ग्रामसभेचा ठराव किती दूर जाऊ शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये दाखवलं. पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव त्या गावाने केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसा आदर्श घेण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. नंतर पुष्कळ गावांनी तसे ठराव केले. ठराव करणं त्यातल्या त्यात सोपं. पुढचा मृत्यू झाल्यावर त्या घरी जाऊन कोण उभं राहणार, याची नावं ठरावासोबतच ठरली असतील तर तो टिकतो.

आता विषय लिहिण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त कामं इथे मरतात. ‘आमच्या आळीत गटार करावे’ असा ठराव मंजूर होतो आणि पुढे काहीच होत नाही. का? पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याला त्यावरून अंदाजपत्रकच करता येत नाही. अंदाजपत्रक नाही म्हणून तांत्रिक मान्यता नाही, मान्यता नाही म्हणून काम नाही. तोच विषय असा लिहावा: कुठून कुठपर्यंत, मीटरमध्ये लांबी किती, उताराची दिशा कोणती, पाणी शेवटी कुठे सोडायचं, वाटेतली जागा गावठाणाची की खासगी, खासगी असेल तर मालकाची लेखी संमती आहे का. टेपने मोजायला दोन माणसांना अर्धा तास लागतो. यांतला ‘पाणी शेवटी कुठे’ हा प्रश्न कधीही सोडू नये. चांगलं सिमेंटचं गटार गावभर फिरवून शेवटी त्याचं तोंड दलित वस्तीसमोर उघडं टाकलेलं अनेक गावांत दिसतं. निधी खर्च झाला, फोटो अपलोड झाला, आणि ज्यांना सभेत बोलता आलं नाही त्यांच्या दारात सगळ्या गावाचं सांडपाणी आलं. हे अपघाताने होत नाही. नाल्यापर्यंतची शेवटची चाळीस मीटर लांबी विषयात लिहिली गेली नाही म्हणून होतं. जिथे नाला दूर आहे तिथे शोषखड्ड्याची जागा नकाशावर दाखवून मगच ठराव करावा.

असा लिहिलेला विषय नोटीस निघायच्या आधी, लेखी, दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. ऐनवेळच्या विषयांवर विसंबू नये. तोवर दुपार झालेली असते, माणसं उठू लागलेली असतात, आणि चांगला विषय तिथे गोंधळात बुडतो, तर ज्याच्यावर चर्चा व्हायला नको असा विषय तिथेच गुपचूप मंजूर होतो.

पैशांकडे यावं. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक पंचायत दरवर्षी आराखडा करते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात निधीचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, होता, अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. सभेत कुणी म्हणालं की ‘पाण्याला पैसे नाहीत, सगळे रस्त्याला गेले’ तर हा हिशेब माहीत असणाऱ्याने शांतपणे विचारावं की बंधित निधी रस्त्याला जातो कसा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आराखडा आणि खर्च दोन्ही कुणालाही पाहता येतात. त्याची छापील प्रत काढून वाडीसभेत वाचावी. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो ग्रामसभा कोषात येतो. वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि त्यांवरची उत्तरं ठेवली गेलीच पाहिजेत. आक्षेपांचं वाचन बहुधा टाळलं जातं. ते मागावं.

हिशेब तपासणं म्हणजे चोर पकडणं, असा समज गटाने स्वतःच्या मनातूनही काढून टाकावा. एक साधी वस्तू घ्यावी, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर. विहिरीच्या किंवा टाकीच्या १,००० लिटर पाण्याला सुमारे ५ ग्रॅम टीसीएल लागते, त्यात क्लोरीनचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास असेल तर. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर रोज २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो, वर्षाला नव्वद-एक्याण्णव किलो. २५ किलोच्या साधारण चार गोण्या. बिलात दोनच गोण्या दिसल्या तर पाण्यात पावडर अर्धीच पडते आहे. दहा दिसल्या तर विचारायला हवं. आणि चारच दिसल्या, तरी गोणी कुठे ठेवली आहे ते पाहावं, कारण ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेल्या गोणीतलं क्लोरीन उडून जातं आणि मग पाण्यात नुसता चुना पडतो. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि निदान अर्ध्या तासाने नळ सोडायचे. नंतर शेवटच्या घरच्या नळाचं पाणी ओटी टेस्टने, म्हणजे क्लोरीन तपासायच्या चाचणीने, पाहायचं. पिवळसर रंग आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलं. पाणी किती सुरक्षित आहे ते दाखवणारं कार्ड पंचायतीला हिरवं मिळालं आहे, पिवळं की लाल, हेही सभेत विचारावं. असा प्रश्न कुणा माणसाविरुद्ध जात नाही, सरपंचाच्या घरीही तेच पाणी येतं, आणि हिशेब मागायची गावाला सवय लागते. एकदा ती लागली की रस्त्याच्या बिलाकडे वळणं सोपं जातं.

सभेच्या दिवशी गटाने एकत्र बसू नये, विखरून बसावं. एक जण बोलेल, एक जण लिहील, बाकीच्यांनी आपापल्या आळीच्या माणसांना सभा संपेपर्यंत बसवून ठेवावं. भांडण उकरून काढणारा प्रत्येक गावात असतो, कधी कधी त्याला त्यासाठीच आणलेलं असतं, कारण गोंधळात सभा मोडणं कुणाच्या तरी सोयीचं असतं. त्याला उत्तर द्यायचं नाही. ‘विषय क्रमांक चार चालू आहे’ एवढंच म्हणायचं. ठराव मांडला की सूचक-अनुमोदकाचं नाव, आणि मतभेद असेल तर बाजूने किती, विरोधात किती, हे तिथेच लिहायला सांगावं. सभा संपायच्या आत इतिवृत्त वाचून दाखवावं आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारून सह्या घ्याव्यात असा आग्रह धरावा. मोकळी सोडलेली पानं नंतर भरतात. ग्रामसेवकावर यात संशय घेण्याचं कारण नाही. त्याच्याकडे बहुधा दोन-तीन गावं असतात, निवडणुकीची, सर्वेक्षणांची कामं असतात, आणि सगळ्या बाजूंनी दबाव त्याच्यावरच येतो. भरल्या सभेत वाचून झालेलं इतिवृत्त त्यालाही संरक्षण देतं.

आठवड्याभरात ठरावाची प्रत अर्ज करून मागावी. मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच: जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मात्र अर्जांचा मारा करू नये. गटाच्या नावाची भीती बसली की कार्यालय कागद लपवायला शिकतं, आणि मग खरा महत्त्वाचा अर्जही त्या ढिगात जातो. प्रत्येक ठरावामागे एका माणसाचं नाव लावावं, त्याने दर पंधरा दिवसांनी अंदाजपत्रक कुठे आहे ते पाहावं, आणि पुढच्या सभेच्या नोटिशीत ‘मागील ठरावांची अंमलबजावणी’ हा विषय पहिल्या क्रमांकावर यावा म्हणून लेखी मागणी द्यावी. गटाची वही दर दोन वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जावी, आणि ती घेणारी शक्यतो त्या वाडीतली असावी जिथून आजवर ग्रामसभेत कुणी बोललेलं नाही.